मेंढ्यांच्या गाठींतील पू : जिवाणूंची ओळख आणि आपण डॉक्टर

डॉक्टरांच्या संस्थेच्या स्मरणिकेत मधुमेह, हृदयविकार, उच्च रक्तदाब असे विषय वाचण्याची आपल्याला सवय असते. अशा अंकात मेंढीच्या गाठीवरचा लेख पाहून काही वाचकांच्या भुवया उंचावतील. परंतु बेळगाव परिसरात व्यवसाय करणाऱ्या डॉक्टरला मेंढी परकी नाही. पावसाळा सरला की आपल्या शहराबाहेरच्या मोकळ्या शेतांत मेंढ्यांचे कळप उतरतात, शेतकरी खतासाठी ते मुद्दाम रानात बसवून घेतात, आणि त्या कळपांबरोबर फिरणारे धनगर व कुरुब समाजाचे बांधव, त्यांच्या बायका-मुलांसह, आपल्या बाह्यरुग्ण विभागात येतात. खाटीक, लोकर कातरणारे, कातडी कमावणारे, घोंगड्या विणणारे अशी कितीतरी कुटुंबे याच प्राण्याच्या आधारावर जगतात. २०१९च्या पशुगणनेनुसार देशात ७ कोटी ४२ लाखांहून अधिक मेंढ्या आहेत आणि त्यांपैकी सुमारे १ कोटी ११ लाख एकट्या कर्नाटकात आहेत. मेंढ्यांच्या संख्येत तेलंगण व आंध्र प्रदेश यांच्याखालोखाल आपल्या राज्याचा क्रम लागतो.

मी व्यवसायाने सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ. माझे काम माणसांच्या रक्ताचे, थुंकीचे आणि पुवाचे. मात्र पशुवैद्यकीय सेवेतील एका मित्राच्या आग्रहामुळे काही काळ मेंढ्यांच्या पुवाचे नमुनेही माझ्या टेबलावर येऊ लागले. त्या अभ्यासातून जे हाती लागले, ते केवळ पशुवैद्यकांच्या उपयोगाचे नाही, असे माझे मत झाले. प्रस्तुत लेखात मेंढ्यांच्या लसीकाग्रंथींत पू करणारे जिवाणू कोणते, ते एकमेकांपासून वेगळे कसे ओळखावेत आणि ही ओळख माणसांच्या डॉक्टरला का हवी, याचा विचार केला आहे.

गाठ कशी होते

लसीकाग्रंथी म्हणजे शरीराच्या वाटांवरील चौक्या. कातडीला जखम झाली, तिच्यातून जिवाणू आत शिरले, की त्या भागातील लसीका त्यांना जवळच्या चौकीवर आणून सोडते. तेथे पांढऱ्या पेशी त्यांना गिळतात. बहुतेक जिवाणू तेथेच मरतात. काही मात्र गिळले गेल्यावरही मरत नाहीत. ते त्या पेशीतच वाढतात, शेवटी पेशीलाच फोडतात, आणि चौकीचेच पुवाच्या थैलीत रूपांतर होते.

मेंढीच्या कातडीला जखमा होण्याची कारणे तिच्या जगण्यातच आहेत. आपल्याकडच्या दख्खनी मेंढीची लोकर सामान्यतः वर्षातून दोन वेळा हातकातरीने कातरली जाते. कातरणारा कितीही निष्णात असला तरी एखादा चिमटा, एखादी खरवड होतेच. त्याच कातरीने लगेच दुसरी मेंढी कातरली जाते. बाभळीचा काटा, निवडुंगाचे कूस, गवताची कुसळे, टक्करीत झालेल्या जखमा, कानाला टोचलेला बिल्ला, ही आणखी काही प्रवेशद्वारे. तोंडात रुतलेल्या कुसळामुळे जबड्याखालची गाठ सुजते, अंगावरील कातरीच्या जखमेमुळे खांद्यापुढची किंवा मांडीपुढची. म्हणूनच शेळ्यांमध्ये डोके व मान या भागांतील गाठी अधिक दिसतात, तर कातरल्या जाणाऱ्या मेंढ्यांमध्ये खांदा व मांडी यांपुढील गाठींचे प्रमाण मोठे असते. गाठीची जागा पाहूनच जखमेच्या जागेचा अंदाज बांधता येतो. हा पहिला धडा माणसालाही तसाच लागू पडतो.

नावाची कथा

या गाठींचे सर्वांत प्रसिद्ध कारण म्हणजे कोरिनेबॅक्टेरियम स्यूडोट्युबरक्युलोसिस हा जिवाणू. फ्रान्समधील थोर पशुवैद्य एदमाँ नोकार यांनी तो १८८८ मध्ये एका गायीच्या लसीकावाहिन्यांच्या दाहातून वेगळा केला. पुढे हंगेरीचे ह्यूगो प्राइझ यांना तोच मेंढीत आढळला, म्हणून जुन्या ग्रंथांत त्याला ‘प्राइझ-नोकार बॅसिलस’ म्हटलेले दिसते. मराठी वाचकांना एक योगायोग सांगण्यासारखा आहे. नोकार यांच्या या शोधानंतर पुढच्याच वर्षी, म्हणजे १८८९ मध्ये, भारतातील पशुरोगांच्या संशोधनासाठी इंपीरियल बॅक्टेरिऑलॉजिकल लॅबोरेटरी स्थापन झाली ती पुण्यात. तीच संस्था १८९३ मध्ये मुक्तेश्वरला हलवली गेली आणि आज बरेली जवळच्या इज्जतनगरची भारतीय पशुवैद्यकीय संशोधन संस्था म्हणून ओळखली जाते.

‘स्यूडोट्युबरक्युलोसिस’ म्हणजे खोटा क्षय. गाठ कापली की आतला पू चक्क्यासारखा घट्ट, पांढुरका किंवा किंचित हिरवट असतो. डोळ्यांना क्षयाची गाठच वाटावी असा तो दिसतो. परंतु नावातील हे नाते अगदीच खोटे नाही. या जिवाणूच्या भिंतीत क्षयाच्या जंतूप्रमाणेच मायकोलिक आम्ले असतात. कोरिनेबॅक्टेरियम, मायकोबॅक्टेरियम, नोकार्डिया आणि ऱ्होडोकॉकस ही चार भावंडे एकाच कुळातील मानली जातात. स्निग्ध पदार्थांचे हे चिलखत असल्यामुळेच तो पांढऱ्या पेशीच्या पोटात जिवंत राहतो आणि माती, चारा, गोठ्यातील लाकूड यांवरही दीर्घकाळ टिकतो.

एका कळपातील पाच गाठी

माझ्या मित्राने एकदा एकाच कळपातील पाच मेंढ्यांचे नमुने पाठवले. पाचही गाठी बाहेरून सारख्या दिसत होत्या. कळपाचा मालक वयस्क, अनुभवी धनगर होता. त्याचे म्हणणे सरळ होते : “डॉक्टरसाहेब, गाठ पिकली की फोडायची, राख भरायची. आमच्या आज्जापासनं हेच चाललंय. ह्यात तपासायचं काय?”

तपासण्यासारखे पुष्कळ होते. तीन नमुन्यांत कोरिनेबॅक्टेरियम स्यूडोट्युबरक्युलोसिस वाढला. चौथ्या नमुन्याला दुर्गंधी होती आणि त्यात ट्रुपेरेला पायोजिनिस मिळाला. पाचव्यात काहीच वाढले नाही. म्हणजे एकच कळप, एकसारखी दिसणारी गाठ आणि तीन प्रकारची उत्तरे. पहिल्या तिघींचा रोग कळपभर पसरणारा होता. चौथीचा बहुधा तिच्या एकटीच्या जखमेपुरता होता. पाचवीबद्दल निर्णय राखून ठेवणे भाग होते. तिन्ही ठिकाणी मालकाला द्यायचा सल्ला वेगळा होता, आणि तो नुसत्या डोळ्यांनी पाहून देता आला नसता.

न वाढलेल्या नमुन्याबद्दल दोन शब्द. जुन्या गाठीच्या मध्यभागी केवळ मृत पेशींचा लगदा उरतो आणि जिवंत जिवाणू भिंतीलगत असतात. सुईने मधलाच पू ओढला तर वाढ न होण्याची शक्यता मोठी. शिवाय काही जिवाणूंना प्राणवायू सोसत नाही आणि काहींना अधिक कार्बन डायऑक्साइड लागतो. नेहमीच्या पद्धतीने ठेवलेल्या प्लेटवर त्यांचा मागमूसही लागत नाही. ‘जंतू वाढले नाहीत’ याचा अर्थ ‘जंतू नव्हते’ असा होत नाही, हे प्रत्येक अहवाल वाचणाऱ्याने ध्यानात ठेवावे.

नमुना : अर्धे उत्तर येथेच ठरते

न फुटलेली, परंतु मऊ पडू लागलेली गाठ निवडावी. फुटलेल्या गाठीवरून कापूस फिरवून घेतलेल्या नमुन्यात कातडीवरचे आणि शेणातले सर्व पाहुणे येतात. त्यांतून यजमान ओळखणे कठीण जाते. लोकर कातरून, कातडी आधी स्पिरिटने व नंतर आयोडिनने पुसून, जाड सुईने पू ओढावा. पू घट्ट असल्याने बारीक सुई उपयोगाची नाही. शक्य असेल तेथे गाठीच्या भिंतीचा खरवडलेला अंशही घ्यावा. सिरिंजमधील हवा काढून तोंड बंद करावे, म्हणजे हवा न सोसणारे जिवाणू जिवंत पोहोचतात. हातमोजे घालणे अनिवार्य आहे. तसेच गाठ कळपाच्या जागेत फोडू नये, कारण त्या पुवाच्या प्रत्येक थेंबात जिवाणूंची प्रचंड संख्या असते आणि ते जमिनीत मिसळले की पुढच्या कातरणीपर्यंत वाट पाहत राहतात.

डोळे, नाक आणि सूक्ष्मदर्शक

आपल्या पूर्वसूरींनी जिवाणूशास्त्र नाकाने आणि डोळ्यांनीही केले. ती विद्या अजून कालबाह्य झालेली नाही. कोरिनेबॅक्टेरियमचा पू सहसा गंधहीन असतो. मेंढीच्या जुन्या गाठीचा छेद घेतला तर कांद्याच्या पापुद्र्यांसारखे एकात एक थर दिसतात, कारण गाठ वारंवार वाढते आणि दर वेळी शरीर तिच्याभोवती नवी भिंत बांधते. याउलट कुजका, नकोसा वास आला तर ट्रुपेरेला किंवा फ्युसोबॅक्टेरियम नेक्रोफोरम यांसारख्या जिवाणूंचा संशय घ्यावा. पुवात बारीक रव्यासारखे कण आढळले आणि गाठ ओठ, गाल किंवा जबडा यांच्या आसपास असली, तर अ‍ॅक्टिनोबॅसिलस लिग्निरेसी आठवावा.

त्यानंतर ग्रॅम रंजन. जांभळे, लहान, किंचित वाकडे दंडगोल, काही गदेसारखे एका टोकाला फुगलेले, एकमेकांना कोन करून चिनी लिपीतील अक्षरांसारखे पडलेले, असे चित्र दिसले तर कोरिनेबॅक्टेरियम समोर आहे असे समजावे. द्राक्षांच्या घडासारखे गोल दिसले तर स्टॅफिलोकॉकस, माळेसारखे दिसले तर स्ट्रेप्टोकॉकस. तांबडे, म्हणजे ग्रॅम ऋण दंडगोल दिसले तर दिशा पूर्णपणे बदलते. त्यांपैकी एकाविषयी पुढे स्वतंत्रपणे लिहिले आहे. याच वेळी झील-नील्सन रंजनही करावे. मेंढीत खरा क्षय विरळ असला तरी तो नाही, हे पाहूनच म्हणावे.

प्लेटवर तीन दिवस

रक्ताची आगर प्लेट ही या कामाची मुख्य पाटी. गमतीची गोष्ट अशी की मेंढीचा रोग शोधण्यासाठी सर्वोत्तम माध्यम मेंढीच्याच रक्ताचे असते. आपल्याकडे काही प्रयोगशाळा सोयीसाठी रक्तपेढीतील जुने मानवी रक्त वापरतात. ते टाळावे. त्यात प्रतिजैविकांचे अंश व प्रतिपिंडे असू शकतात आणि रक्तलयाचे चित्र फसवे येते. रक्ताच्या प्लेटसोबत एक मॅकॉन्की प्लेट, एक प्लेट वाढीव कार्बन डायऑक्साइडमध्ये आणि एक प्राणवायूविरहित बरणीत ठेवावी. मोठी यंत्रसामग्री नसेल तर मेणबत्तीची बरणीही पहिल्या पायरीसाठी चालते.

खरी कसोटी संयमाची. चोवीस तासांनी पाहिले तर कोरिनेबॅक्टेरियमच्या वसाहती टाचणीच्या टोकाएवढ्या असतात. घाईत असलेला तंत्रज्ञ ‘वाढ नाही’ असे लिहून प्लेट टाकून देतो. अठ्ठेचाळीस ते बहात्तर तासांत त्या मलईच्या रंगाच्या, कोरड्या, अपारदर्शक होतात आणि त्यांच्याभोवती रक्तलयाची अरुंद कड दिसू लागते. तारेच्या टोकाने ढकलले तर अख्खी वसाहत आगरवरून सरकते, फुटत नाही. हे एकदा ज्याने पाहिले, तो ते विसरत नाही. म्हणून माझी सूचना अशी की गाठीतल्या पुवाची प्लेट किमान तीन दिवस आणि शक्य तर पाच दिवस टाकू नये.

दुसरा धोका शब्दाचा आहे. ‘डिफ्थेरॉइड्स’ असा एक शब्द आपल्या अहवालांत सर्रास येतो आणि त्याचा व्यवहारातील अर्थ ‘कातडीवरचा कचरा, दुर्लक्ष करावे’ असा होतो. बहुतेक वेळा ते खरेही असते. परंतु बंद गाठीतून ओढलेल्या पुवात, शुद्ध स्वरूपात, ग्रॅम रंजनाशी जुळणारा असा जिवाणू वाढला, तर त्याला कचरा म्हणण्याचा अधिकार आपल्याला नाही. त्याचे पूर्ण नाव शोधलेच पाहिजे.

ओळख पटवणाऱ्या चाचण्या

नाव शोधण्यासाठी फार खर्च येत नाही. कॅटालेज धन, युरिएज धन, एवढ्या दोन उत्तरांनीच वर्तुळ पुष्कळ लहान होते. घटसर्पाचा मूळ जंतू युरिएज ऋण असतो. त्यानंतर नायट्रेट चाचणी. मेंढ्या-शेळ्यांतील ‘ओव्हिस’ प्रकार नायट्रेटचे क्षपण करत नाही, तर घोड्यांतील ‘इक्वी’ प्रकार ते करतो.

सर्वांत सुंदर चाचणी म्हणजे उलट कॅम्प चाचणी. कॅम्प हे नाव क्रिस्टी, अ‍ॅटकिन्स आणि मुंच-पीटरसन या तिघांच्या आद्याक्षरांवरून पडले. त्यांनी १९४४ मध्ये स्टॅफिलोकॉकस आणि स्ट्रेप्टोकॉकस यांच्या संयुक्त रक्तलयाचे वर्णन केले होते. आपल्या जिवाणूच्या बाबतीत घडते ते नेमके उलट. स्टॅफिलोकॉकसच्या बीटा विषाने प्लेटवर रक्तलयाचा पट्टा तयार होतो. त्याच्या काटकोनात कोरिनेबॅक्टेरियमची रेघ ओढली की तिच्या शेजारी तो पट्टा विझतो आणि बाणाच्या टोकासारखा अबाधित भाग उरतो. याउलट ऱ्होडोकॉकस इक्वीशेजारी तोच जिवाणू रक्तलय वाढवतो.

याचे कारण समजून घेण्यासारखे आहे. हा जिवाणू फॉस्फोलिपेज डी नावाचे बाह्यविष सोडतो. तांबड्या पेशींच्या आवरणातील ज्या स्फिंगोमायलिनवर स्टॅफिलोकॉकसचे विष काम करते, तेच हे विष आधी बदलून टाकते. दुसऱ्याला तोडायला काही शिल्लकच राहत नाही. मेंढीच्या शरीरात हेच फॉस्फोलिपेज डी रक्तवाहिन्यांच्या भिंती सैल करते आणि जखमेतल्या जिवाणूला लसीकाग्रंथीपर्यंत पोहोचण्याची वाट मोकळी करून देते. म्हणजे ज्या अस्त्राने तो रोग निर्माण करतो, त्याच अस्त्रामुळे प्लेटवर ओळखला जातो.

एक सावधगिरी मात्र हवी. कोरिनेबॅक्टेरियम अल्सरन्स हा जवळचा नातलगही युरिएज धन असून उलट कॅम्प चाचणीत असेच चित्र देतो. तो ग्लायकोजेन व स्टार्च आंबवतो, आपला जिवाणू आंबवत नाही. अल्सरन्सच्या काही वंशांत घटसर्पाचे विष तयार करण्याची क्षमता असल्याने हा भेद महत्त्वाचा आहे. मोठ्या केंद्रांत आता माल्डी-टॉफ यंत्र आणि पीसीआर उपलब्ध आहेत आणि तेथे हे काम काही तासांत होते. तरीही प्लेटवर वसाहतच वाढू दिली नाही, तर माल्डी-टॉफला देण्यासाठी हाती काहीच नसते.

इतर मानकरी

कोरिनेबॅक्टेरियमखेरीज ध्यानात ठेवण्यासारखा पहिला जिवाणू म्हणजे स्टॅफिलोकॉकस ऑरियसचा ‘अ‍ॅनएरोबियस’ हा उपप्रकार. यामुळे होणाऱ्या रोगाला मोरेलचा रोग म्हणतात. त्याचे वर्णन फ्रान्समध्ये १९११ मध्ये झाले आणि उपप्रकाराचे आजचे नाव १९८५ मध्ये दिले गेले. तो कोॲग्युलेज धन असतो पण कॅटालेज ऋण, आणि हीच त्याची फसवी बाजू. ‘स्टॅफिलोकॉकस म्हणजे कॅटालेज धन’ हे आपण पहिल्या वर्षापासून पाठ केलेले असते. या उपप्रकारात कॅटालेजच्या जनुकातच बिघाड झालेला आहे. साध्या हवेत तो नीट वाढत नाही. गाठी मुख्यतः तरुण मेंढ्यांत, लागणीनंतर सुमारे तीन आठवड्यांतच आणि लसीकाग्रंथींच्या निकट उठतात. कोरिनेबॅक्टेरियमच्या गाठीला सामान्यतः याहून अधिक काळ लागतो.

दुसरा ट्रुपेरेला पायोजिनिस. याचे कुलनाव वारंवार बदलले. कोरिनेबॅक्टेरियम, अ‍ॅक्टिनोमायसिस, अर्कॅनोबॅक्टेरियम अशी वळणे घेत २०११ मध्ये तो ट्रुपेरेला झाला. वसाहत बारीक, रक्तलय स्पष्ट, कॅटालेज ऋण. तो संधिसाधू आहे आणि जखम, खुरांचे कुजणे, बाळंतपणातील इजा यांमागोमाग येतो.

तिसऱ्याबद्दल गंभीरपणे लिहिले पाहिजे. बर्कहोल्डेरिया स्यूडोमॅलिआय, म्हणजे मेलिऑइडोसिसचा जिवाणू, मेंढ्या व शेळ्यांत फुप्फुस, प्लीहा आणि लसीकाग्रंथींत गळवे करतो. तो माती व पाण्यात राहतो. कर्नाटकाच्या किनारपट्टीवर माणसांत हा रोग सुपरिचित आहे, विशेषतः मधुमेहींमध्ये आणि पावसाळ्यात. ग्रॅम ऋण, दोन्ही टोकांना रंग घेणारा सेफ्टी पिनसारखा दंडगोल, ऑक्सिडेज धन, जेंटामायसिन व कोलिस्टिन यांना न जुमानणारा, अशी त्याची ओळख. नेहमीच्या धावपळीत त्याला ‘स्यूडोमोनास जाती’ म्हणून निकालात काढले जाते. असा संशय येताच प्लेट उघड्या टेबलावर हाताळू नये, वास तर मुळीच घेऊ नये, आणि जैवसुरक्षा कक्षातच पुढचे काम करावे. वर मी नाकाच्या विद्येची स्तुती केली, ती पुवापुरती. वाढलेल्या प्लेटला नाक लावण्याची जुनी सवय आता सोडलीच पाहिजे.

कळपाचे काय करावे

प्रयोगशाळेत कोरिनेबॅक्टेरियम पेनिसिलिन, टेट्रासायक्लिन, मॅक्रोलाइड, रिफॅम्पिसिन अशा अनेक औषधांना सामान्यतः दबतो. मेंढीत मात्र औषध बहुधा हरते, कारण गाठीची जाड भिंत आणि पेशीच्या पोटातले वास्तव्य या दोन तटबंद्या त्याच्या आड येतात. म्हणून इंजेक्शनांवर खर्च करण्यापेक्षा व्यवस्थापनावर भर द्यावा. कातरताना कोकरे आणि निरोगी मेंढ्या आधी घ्याव्यात, गाठ असलेल्या सर्वांत शेवटी. प्रत्येक मेंढीनंतर कातर जंतुनाशकात बुडवावी. पिकलेली गाठ कळपापासून दूर फोडावी, पू भांड्यात गोळा करून जाळावा, जखम आयोडिनने धुवावी आणि ती भरेपर्यंत मेंढी वेगळी बांधावी. बाजारातून आणलेला नवा प्राणी गाठी चाचपूनच कळपात सोडावा. ब्रिटनमध्ये हा रोग १९९०पर्यंत नव्हता आणि तो आयात केलेल्या शेळ्यांबरोबर आला, हे उदाहरण पुरेसे बोलके आहे. ऑस्ट्रेलियात फॉस्फोलिपेज डीच्या निष्प्रभ केलेल्या विषावर आधारित लस १९८०च्या दशकापासून वापरात आहे आणि तिने रोग बराच आटोक्यात आणला आहे.

बाहेरची गाठ दिसते तरी. फुप्फुसातील व छातीतील गाठी दिसत नाहीत. चारा खाऊनही मेंढी खंगत जाते, दमते, दूध आटते. मालकाला वाटते चारा अंगी लागत नाही. प्रत्यक्षात तीच खोकून इतरांना रोग देत असते. अशा मेंढीचा मोह सोडणे कळपाच्या हिताचे असते. ज्या कुटुंबाची सारी मिळकत चार पायांवर चालते, त्याला हे सांगणे सोपे नाही. म्हणूनच निदान पक्के असल्याशिवाय ते सांगू नये.

माणसाच्या काखेतील गाठ

आता आपल्या खोलीत येऊ या. या जिवाणूचा मानवी संसर्ग वैद्यकीय वाङ्मयात १९६६ मध्ये प्रथम नोंदवला गेला. १९९७ मध्ये ऑस्ट्रेलियातून दहा रुग्णांचा एकत्रित अहवाल प्रसिद्ध झाला, आणि २००६ मध्ये फ्रान्समधून बारा वर्षांच्या एका मुलीची नोंद आली. मेंढ्यांशी काम करणारी माणसे ही या रोगाची नेहमीची शिकार. हाताला कापले तर काखेतील गाठ, पायाला लागले तर जांघेतील. ताप अल्प किंवा नाहीच, गाठ आठवडे न् महिने रेंगाळणारी, फोडली तरी पुन्हा वाहणारी.

अशा गाठीची सुई तपासणी केली तर उत्तर येते, ‘नेक्रोसिससह ग्रॅन्युलोमा’. आपल्या देशात या शब्दांनंतर पुढचे वाक्य ठरलेले असते : क्षय. बहुसंख्य वेळा ते बरोबरच असते आणि या लेखामुळे कोणी क्षयाचे उपचार लांबवू नयेत, हे मी आग्रहाने सांगतो. सीबीनॅट ऋण आले म्हणून क्षय नाही असेही ठरत नाही. परंतु येथे एक सूक्ष्म सापळा आहे. क्षयाच्या औषधांत रिफॅम्पिसिन असते आणि कोरिनेबॅक्टेरियम स्यूडोट्युबरक्युलोसिस त्याला सामान्यतः दबतो. म्हणजे उपचार सुरू केल्यावर गाठ थोडी उतरली, तर आपण म्हणतो, “पाहा, औषध लागू पडले, क्षयच होता.” ते पुरावा नव्हे. गाठ पुन्हा भरते, तेव्हा आपण औषधरोधक क्षयाचा विचार करू लागतो, आणि रुग्ण अधिक जड, अधिक विषारी औषधांच्या वाटेला लागतो. मेंढरांमागे चालणाऱ्या माणसाला दर महिन्याला दवाखान्यात यायला लावणे म्हणजे काय, हे या भागातील डॉक्टरांना सांगायला नको. गाठ पूर्ण काढून टाकणे आणि संवर्धनानुसार काही आठवडे योग्य प्रतिजैविक देणे, एवढ्याने जो रुग्ण बहुधा बरा झाला असता, तो चुकीच्या नावाखाली वर्ष घालवतो.

हा सापळा टाळण्यासाठी तीन गोष्टी पुरेशा आहेत. पहिली, व्यवसायाची चौकशी : “मेंढरं आहेत का? कातरणी, खाटीककाम करता का? हाताला काही लागलं होतं का?” दुसरी, गाठीतील पू काचपट्टीवर पसरून संपवू नये. त्यातला एक भाग सीबीनॅट व क्षयाच्या संवर्धनासाठी आणि दुसरा साध्या जिवाणू संवर्धनासाठी पाठवावा. तिसरी, प्रयोगशाळेच्या कागदावर ‘मेंढ्यांशी संपर्क, प्लेट पाच दिवस ठेवावी’ असे स्वहस्ते लिहावे. या एका ओळीने आम्हा प्रयोगशाळेतील मंडळींचे काम बदलते. ती नसेल, तर तोच जिवाणू दुसऱ्या दिवशी ‘डिफ्थेरॉइड्स’ होऊन कचऱ्याच्या डब्यात जातो.

समारोप

हल्ली ‘एकच आरोग्य’ या संकल्पनेचा उच्चार परिषदांतून वारंवार होतो. माझ्या दृष्टीने तिचा अर्थ साधा आहे. पशुवैद्याला कळपात गाठी दिसल्या तर त्याने मालकाच्या हाताकडेही पाहावे, आणि आपल्याला मालकाच्या काखेत गाठ आढळली तर त्याच्या कळपाची विचारपूस करावी. दोघांचा नमुना एकाच पद्धतीने तपासला जातो, प्लेटही तीच असते. आपल्या संस्थेच्या सभासदांत शल्यचिकित्सक आहेत, विकृतिशास्त्रज्ञ आहेत, ग्रामीण भागात एकट्याने दवाखाना चालवणारे आहेत. त्यांच्या परिसरातील पशुवैद्यकीय अधिकाऱ्याशी त्यांची ओळख असावी आणि शंका आली की फोन करण्याइतका घरोबा असावा, एवढी माझी विनंती आहे.

पू सगळा सारखाच दिसतो. त्याला नाव मिळवून देण्यासाठी स्वच्छ सुई, मेंढीच्या रक्ताची प्लेट, तीन ते पाच दिवसांचा धीर आणि रुग्णाला विचारलेला एक साधा प्रश्न लागतो. यांपैकी कोणतीही गोष्ट आपल्या आवाक्याबाहेरची नाही.